धोंडीबांच्या मांजरतोंड्या

सोसायटीत धोंडीबांना सगळे ‘काका’ म्हणत. पण आपल्या बी-विंगच्या पायाखाली ह्या काकांचा कांद्याचा मळा गाडला गेलाय, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. पिंपळे सौदागरातलं नदीकडचं ते रान चार भावांनी मिळून बिल्डरला दिलं, त्याला आता सोळा वर्षं होत आली होती. वाट्याला आलेल्या पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटात धोंडीबा, त्यांची बायको गोजाबाई आणि हिंजवडीला कंपनीची कॅब चालवणारा मुलगा राहत. जमीन गेल्याचं दुःख धोंडीबांनी कधी उगाळलं नाही. सगळ्यांनीच दिली, आपणही दिली. हात मात्र रिकामे झाले. चाळीस वर्षं कांद्याचं रोप टाकलेल्या माणसानं सकाळी उठून करायचं काय?

एकदा न राहवून त्यांनी खालच्या बागेत लॉनच्या कडेला हातभर जागा उकरली आणि मेथी टाकली. ती वर आली, दोन पानांवर आली, आणि सोसायटीचे सेक्रेटरी निरंजन यांनी माळ्याला सांगून उपटून टाकली. लिफ्टजवळ कागद लागला, ‘बागेत कोणीही वैयक्तिक लागवड करू नये.’ नाव लिहिलं नव्हतं. पण तो आपल्यासाठीच आहे, असं धोंडीबांनी धरलं. त्या दिवसापासून धोंडीबा बागेत उतरलेच नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि खाली बघायचेही नाहीत.

शेजारच्या फ्लॅटात स्वरूपा राहायची. मूळची लातूरकडची. नवरा जयदीप चाकणच्या कारखान्यात शिफ्टला जाई आणि ही घरूनच आयटीचं काम करी. दोन गॅलऱ्यांमध्ये कमरेएवढी भिंत होती. गणपती उठले त्या आठवड्यात धोंडीबांच्या लक्षात आलं, की ही पोरगी दिवसातून दहा वेळा बाहेर येते, एका ट्रेमध्ये वाकून बघते आणि हिरमुसून आत जाते.

“काय टाकलंय गं त्यात?” त्यांनी शेवटी विचारलं.

“फुलाचं बी आहे काका. रानपॅन्सी. दुसऱ्यांदा टाकलं, येईनाच की!”

तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. बोटभर उंचीची झाडं, आणि एकाच फुलात जांभळा, पिवळा, पांढरा असे तीन रंग. कंपनीनं तिला वर्षभर इंग्लंडला पाठवलं होतं. तिथं एकटीनं काळोखा हिवाळा कसाबसा काढला, आणि तो सरता सरता घराबाहेर पहिलं दिसलं ते हे फूल. “त्या दिवशी मी रडले, काका. का ते विचारू नका,” ती म्हणाली.

धोंडीबांनी विचारलं नाही. त्यांनी तळहात पुढं केला. स्वरूपानं पाकिटातलं चिमूटभर बी त्यावर ठेवलं. मोहरीहून बारीक, तपकिरी. त्यांनी ते अंगठ्यानं जरा फिरवलं.

“थंड मुलखातलं बी हाय हे. तू त्याला भादव्याच्या उन्हात भाजाया ठेवलंस. आन् वरनं उघडंच?”

“व्हिडिओत तर असंच दाखवलंय.”

“त्यो व्हिडिओवाला कुठल्या गावचा, ते बगितलंस व्हय? दम धर. कोजागरी जाऊ दे. पहाटं पांघरूण वढावंसं वाटलं, की मला हाक मार.”

कोजागरीनंतर दहा-बारा दिवसांनी तिनं हाक मारली. धोंडीबांनी नदीकाठची पोयट्याची माती, वाळू आणि जुनं शेणखत आणून ठेवलं होतं. ते सगळं त्यांनी गोजाबाईंच्या पिठाच्या चाळणीनं चाळलं. गोजाबाईंनी घर डोक्यावर घेतलं. “आवं, उद्या भाकरी कशाची करू? मातीची?” पण मग त्याच जुनं गोणपाट शोधून घेऊन आल्या. धोंडीबांनी ट्रेमध्ये काडीनं रेघा ओढल्या, बी सोडलं, वर मातीचा पापुद्र्याएवढा थर दिला आणि ओलं गोणपाट पांघरलं. कांद्याला ते असंच करत.

पाचव्या दिवशी गोणपाट उचललं तर मुंग्यांची रांग! एकेक मुंगी एकेक बी तोंडात धरून पाइपाच्या कडेनं निघालेली. स्वरूपाच्या डोळ्यांत पाणीच आलं. धोंडीबा मात्र चवड्यांवर बसून कौतुकानं बघत राहिले. “मुंगी उगाच न्हाई न्हेत. बी जित्तं हाय म्हणून न्हेतीय,” ते म्हणाले. ट्रे स्टुलावर ठेवला, स्टुलाच्या चारही पायांखाली पाण्यानं भरलेल्या वाट्या ठेवल्या आणि गेटवरच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख आणून भोवती शिंपडली. पाकिटात उरलं होतं तेवढं बी पुन्हा टाकलं.

दोन आठवड्यांनी माती तडकली आणि हिरवे ठिपके वर आले. त्या सकाळी स्वरूपानं ऑफिसची मीटिंग अर्धी सोडली.

रोपं चार पानांवर आली, तसा जागेचा प्रश्न आला. गॅलरीवर दुपारपासून पश्चिमेचं ऊन यायचं. तिथं ती टिकली नसती.

“सेक्रेटरींकडे जाऊ या ना, काका.”

“मी न्हाई यायचा. एकदा कागद वाचला, तेवढा बास झाला.”

ती एकटीच गेली. संध्याकाळी धोंडीबांच्या दारावरची बेल वाजली, तर निरंजन स्वतः उभे. बसा म्हटलं तरी बसेनात.

“काका, ती मेथी तुमची होती, हे मला आज कळलं.”

“आदी कळलं असतं, तर उपटली नसती व्हय?”

“उपटली असती. नियम आहे. पण आधी तुमच्याशी येऊन बोललो असतो. ते चुकलंच माझं.”

धोंडीबांना ते खरं बोलणं आवडलं. पंपाच्या खोलीमागं, उत्तरेच्या भिंतीला एक चिंचोळी पट्टी होती. तिथं काहीच येत नाही, असं माळी म्हणायचा. ती निरंजननी देऊन टाकली.

का येत नव्हतं, ते पहिल्याच टिकावाला कळलं. फरशीचे तुकडे, प्लास्टर, विटा, गंजके खिळे. धोंडीबा आणि जयदीपनं दोन रविवार राडारोडा उपसला. गुडघाभर खाली गेल्यावर टिकावाचा आवाज बदलला. धोंडीबांनी वाकून ढेकूळ उचललं. काळंभोर, ओलसर. बोटांनी दाबलं तसं लोण्यासारखं फुटलं.

ते तसेच खड्ड्याच्या काठावर बसले. जयदीपला वाटलं, उन्हानं चक्कर आली. “काका, पाणी आणू का?”

“पानी नगं. वर जा, आन् काकूला बोलवून आण.”

गोजाबाई पदराला हात पुसत आल्या. धोंडीबांनी ढेकूळ त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते नाकाशी नेलं. “हिरीकडचा वाफा,” त्या हळूच म्हणाल्या. “हितं मी निंदाया बसायची.” जयदीप उगाच खोऱ्याची माती झटकत राहिला.

त्या मातीत रोपं लागली. जानेवारीत पहिलं फूल आलं आणि मग फुलं येतच राहिली. गोजाबाईंनी कमरेवर हात ठेवून निरखलं. “अगं बया, मांजरावानी तोंड हाय की! मिशासुदीक!” तेव्हापासून बी-विंगमध्ये ती फुलं ‘मांजरतोंड्या’च झाली.

मार्चात झाडं मलूल झाली. बी धरायला धोंडीबा जरा उशिराच शिकले. बोंड कच्चं असतं तोवर मान खाली घालून असतं. पिकलं की मान वर करतं, तीन फाकांनी उघडतं आणि बी टिचकीसरशी लांब उडवतं. “कांदा असला चावटपणा करत न्हाई,” ते स्वरूपाला म्हणाले. मान वर दिसली, की उघडायच्या आधीच बोंड खुडायचं, हे ध्यानात येईपर्यंत अर्धं बी उडून गेलं होतं.

मे महिन्यात जयदीपची बदली चेन्नईला झाली. ट्रक भरला गेला, तेव्हा स्वरूपा गोजाबाईंच्या गळ्यात पडून रडली. धोंडीबा लांब उभे राहिले. “चाललीस व्हय,” एवढंच म्हणाले. त्यानंतर ते पट्टीकडे फिरकलेच नाहीत. पावसाळाभर तिथं गवत माजलं. दसऱ्याच्या सुमारास स्वतःच विळा घेऊन उतरले.

त्या थंडीत आपल्या हातच्या बियांचं रोप त्यांनी टाकलं. काही फुलं आधीच्याहून बारकी आली, काही नुसतीच पिवळी. तरी इतर विंगमधल्या बाया रोपं मागायला येऊ लागल्या. धोंडीबा कुणाला नाही म्हणत नाहीत, पण वाफ्यात उतरून स्वतः रोप उचलायला लावतात. ओंजळभर मातीसकट कसं काढायचं, ते दोनदोनदा दाखवतात. अकरा वाजून जातात, ताटं गार होतात. मग गोजाबाई जिना उतरून हाका मारत येतात, आणि आल्या की पाच मिनिटं त्याही तिथंच वाकून बसतात.