पाडा थांबला त्या वर्षी

दिवाळी झाली की मनोरच्या पलीकडचे पाडे रिकामे व्हायला लागतात. झोडलेलं भात घरात येतं, ते कुठवर पुरणार हे सगळ्यांना कळतं, आणि एका सकाळी वीटभट्टीचा ट्रक येऊन उभा राहतो. माणसं, पोरं, भांडी, कोंबड्या त्यात चढतात, ती पावसाच्या तोंडावर परत उतरतात. मी जन्मापासून बोईसरची, तरी चाळिशी गाठेपर्यंत हे मला फक्त ऐकून माहीत होतं.

तारापूरच्या एमआयडीसीत मी एका कंपनीत पॅकिंगवर सुपरवायझर होते. ती नोकरी सोडून सालवडला गाळा घेतला आणि खोल्यांमध्ये एकटे राहणाऱ्या कामगारांसाठी डबे सुरू केले. सोबत आमच्याच चाळीतल्या बायका होत्या. एकीचा नवरा मशीनवर हात गमावून घरी बसलेला, दुसरी एकटीनं मुलं वाढवणारी. डब्यात तोंडी लावायला आम्ही जवळ्याची, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोलंबीची, चटणी द्यायचो. एकदा ओडिशाचा एक कामगार डबा परत द्यायला आला आणि म्हणाला, “दीदी, वो लाल चटनी अलग से मिलेगी? गाँव ले जाना है.” मग दुसऱ्यानं मागितली, मग त्याच्या खोलीतल्या सगळ्यांनी. डब्यापेक्षा चटणीच जास्त चालायला लागली.

जवळा मी मनोरच्या आठवडी बाजारातून आणायचे, किनाऱ्यावरच्या मुरबे गावातल्या एका मावशीकडून. मावशी साठीच्या पुढची, आवाज असा की अर्ध्या बाजाराला भाव कळावा. एकदा तिच्या टोपलीपाशी एक बाई उकिडवी बसली होती. तिच्या पाड्यावरून ती मिरच्या आणायची आणि त्या देऊन मावशीकडून सुकी मासळी न्यायची. त्यांच्या आयांपासून ही देवघेव चालत आलेली.

“हिला काम दे गो बाय,” मावशी मला म्हणाली. “हात बघ हिचं. नायतर दिवाळी झाली का भट्टीवर जाईल.”

मी लगेच म्हटलं, “ये की सालवडला. राहायची सोय करू.”

त्या बाईनं मान हलवली. “एकटी येऊन काय करू, ताई? पाडा जातो तर मी पण जाते. काम पाड्यावर आलं तर सांगा.”

तिनं हे अगदी सहज सांगितलं. मी एका बाईचा विचार करत होते, ती पाड्याचा करत होती.

पंधरवड्यानं मी आणि मावशी टेम्पोत जवळ्याची पोती घालून तिच्या पाड्यावर गेलो. मावशी मनोरच्या पुढे आयुष्यात गेली नव्हती. चढावर तिला धाप लागली, पण वर पोचल्यावर तिनं चहासुद्धा घेतला नाही. खळ्यात सारवलेल्या जमिनीवर जवळा पसरला, मूठभर उचलला आणि सगळ्यांच्या कानाशी धरून चुरडला. “असा कुरकुर वाजला पायजे. नाय वाजला तर परत उन्हात.” बायका हसायला लागल्या, मग एकेक जण मूठ कानाला लावू लागली. समुद्राची ती वस्तू डोंगरातल्या बायका अशा ऐकत होत्या, आणि मी बाजूला उभी राहून नुसती बघत होते.

चटणी भाजायला आणि भरायला पाड्यावरच्या समाजमंदिराची खोली मिळाली. पहिल्या पाकिटांना दमटपणा लागला, बुरशी धरली, ती पुरून टाकावी लागली. त्यानंतर मी कंपनीत शिकलेलं सगळं पणाला लावलं. भाजलेला माल पूर्ण गार झाल्याशिवाय पाकीट बंद होणार नाही, असा नियमच केला. हळूहळू घडी बसली. एका कारखान्याच्या कॅन्टीननं चटणी ठेवायचं कबूल केलं. पण ती नुसती तोंडी कबुली होती, आणि दिवाळी तोंडावर आली होती.

ट्रक आला त्या सकाळी मी मुद्दाम पाड्यावर होते. मुकादम खाली उतरला, हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. बायका खळ्यात मिरच्या वाळत घालत होत्या.

“काय गं, आवरलं नाय अजून?” त्यानं विचारलं.

“आमी नाय येत या वर्षी,” बाजारातली ती बाई म्हणाली.

“मग खाल काय?”

“ते बघाया तर थांबलोय.”

ती हसली नाही, रागावलीही नाही. एवढी घरं एका समाजमंदिराच्या खोलीवर आणि माझ्या शब्दावर थांबत होती. कॅन्टीननं नाही म्हटलं तर? दोन कुटुंबं ट्रकात चढली, त्यांचा धीर झाला नाही. बाजारातल्या त्या बाईनंच त्यांचं बोचकं उचलून वर दिलं, त्यांच्या पोराच्या गालावरून हात फिरवला. ट्रक जवळजवळ रिकामाच उतारावरून गेला. बायका पुन्हा मिरच्या पसरायला लागल्या.

कॅन्टीननं शब्द पाळला. पुढे आणखी दोन ठिकाणी माल जाऊ लागला. आज शेजारच्या पाड्यावरही खोली आहे. मुरब्याच्या बऱ्याच घरांतला जवळा आमच्याकडे येतो. पहिल्या वर्षी ट्रकात चढलेल्यांपैकी एक कुटुंब आता आमच्यात आहे, दुसरं अजून भट्टीवर जातं. या कामानं सगळं बदललं असं मी कधी म्हणत नाही.

पण त्या पहिल्या हिवाळ्यात, थंडी ओसरताना, मी माल घ्यायला गेले होते. पाड्यावर कोंबड्या फिरत होत्या, चुलींचा धूर होता. एक बाई आपल्या दारच्या आंब्याचा मोहोर हातात धरून वास घेत होती. लग्न होऊन आल्यापासून तिनं तो दारात कधी पाहिलाच नव्हता. फुलतो तेव्हा ती भट्टीवर असायची.

शाळेपाशी गुरुजी भेटले. म्हणाले, “एरवी या दिवसांत माझ्यासमोर दोन-चार म्हाताऱ्यांची नातवंडं उरतात. पुस्तकातले शेवटचे धडे मी या शाळेत कधी शिकवलेच नव्हते. काल रात्री मलाच वाचून तयारी करावी लागली.”

आत धडा सुरू झाला. सूर्य, पृथ्वी, चंद्र. मुलं एका सुरात म्हणत होती. खिडकीबाहेर बाजारातली ती बाई उभी होती. हात मिरचीनं लाल, म्हणून लुगड्यापासून लांब धरलेले. तिची मुलगी आत बसली होती.

“मी पण याच शाळंत होते,” ती हळूच मला म्हणाली, नजर आतच ठेवून. “आमाला हे आलंच नाय कधी. पृथ्वी फिरते म्हणं, ताई.”

तिला कामावर परत जायचं होतं. ती हलली नाही. मीही तिच्या शेजारी उभी राहिले, आणि गुरुजींनी चंद्राचं सांगून संपवेपर्यंत आम्ही दोघी ऐकत राहिलो.