दादाची दुसरी लस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. चर्चमध्ये कन्फेशनला फादरांपुढे गुडघे टेकते, रागावल्याचं, खोटं बोलल्याचं सगळं सांगते — आणि हे तेवढं गिळते. तुम्हाला सांगतेय.

इनासदादा माझा मोठा भाऊ. लग्न केलं नाही, भुईगावात माझ्याच घरी राहायचा. त्याला एचआयव्ही होता. कित्येक वर्षं गोळ्या वेळेवर घेऊन सत्तरीपर्यंत ठणठणीत राहिला, आणि गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. फक्त कानाने पार बहिरा. मशीन आणलं तर डब्यात ठेवून दिलं, इतका हट्टी!

माणिकपूरच्या डॉक्टरबाईंनी त्याला न्युमोनियाची लस दिली. मग मला बाजूला घेतलं — वय झालंय, त्यात हा आजार, एका लशीने अंगात पुरेशी ताकद येईलच असं नाही. दोन महिन्यांनी दुसरी घ्यायचीच. आणि तरीही खोकणाऱ्या माणसाजवळ बसू देऊ नका.

रिक्षात दादाने विचारलं, काय म्हणाल्या? आता त्याला सांगायचं म्हणजे ओरडायचं. रिक्षावाला गावातलाच. आणि घरी? आमच्या खिडकीतून शेजारची फोडणी कळते, मग हे कळणार नाही? माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मी हातानेच खूण केली — झालं, आता काळजी नाही.

लिहून दाखवता आलं असतं ना? आलं असतं! चष्मा त्याच्या खिशातच असायचा. बहिरेपणाचं मी उगाच सांगतेय. मला त्या आजाराचा वीट आला होता — खरं हे आहे. दोन महिने उलटले. दुसऱ्या लशीला मी त्याला नेलंच नाही.

दादा मात्र खूश. आधी भीतीने घरात बसायचा, तो आता घरोघरी रोझरीच्या प्रार्थनेला जायला लागला. त्याचा मित्र पास्कू खोकत पडला होता. दादा रोज त्याच्या खाटेशी बसून माळ म्हणायचा. पास्कूसाठी पेजेचा डबा कोण भरून द्यायचं? मीच.

पास्कू बरा झाला. दादाला न्युमोनिया झाला.

हॉस्पिटलात धाप लागलेली, तरी त्याने विचारलं — मोठ्यानेच, त्याला हळू बोलता यायचं कुठे? "लस घेतली होती ना गं? मग असं कसं?" सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला.

मी त्याच्या कानाशी वाकले आणि खरं ते सगळं सांगितलं. त्याला ऐकू जाणार नाही, इतकं हळू.

त्याने मान हलवली. ऐकू आलं नाही की नेहमी हलवायचा, तशी.