लिहून देणार, लिहून घेणार

कचेरीत तिला सगळे सूचीताई म्हणत. एकतीस वर्षं तिनं एकच काम केलं होतं. लोक घरं विकत, घेत, मुलांच्या नावे करत. वरच्या मजल्यावर त्या दस्तांवर सह्या, अंगठे आणि शिक्के होत, आणि मग खाली तळघरात ताई त्यांची सूची लिहायची. दोन वह्या असत. एकीत लिहून देणार, म्हणजे घर विकणारा. दुसरीत लिहून घेणार, म्हणजे विकत घेणारा. नावापुढं दस्ताचा नंबर आणि तो कुठल्या खंडात, कुठल्या पानावर आहे ते. हे घर कुणाचं, असं कुणी विचारलं की आधी सूची बघायची. पुढं संगणक आला, तेव्हा त्यातही याच वह्या जशाच्या तशा उतरवल्या.

आता मान आखडली होती, गुडघे कुरकुरत होते. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं सगळं आवरून कामावर यायचं, आणि परत गेलं की पुन्हा तेच. तीन महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. "मग काय करणार ताई?" असं कुणी विचारलं की ती म्हणे, "झोपणार. आणि उठवायला याल तर याद राखा." लोक हसत. ती मात्र अगदी खरं सांगत होती.

एका दुपारी एक म्हातारी भिंतीला धरून तळघराचा जिना उतरली. बाहीला दोन सुया टोचलेल्या, बोटांना दोऱ्याचे वण. शिवणकाम करणारी होती हे लगेच कळत होतं.

"आजी, इथं बाहेरच्यांनी यायचं नसतं. वर विचारा."

"वरच्यांनीच खाली धाडलं. तुम्ही खालचे आता आणखी कुठं धाडताय, बघते."

ताईनं स्टूल पुढं सरकवलं.

म्हातारीचा नवरा ट्रक चालवायचा. पाच महिन्यांपूर्वी तो गेला. राहतं घर आपल्या नावावर करून घ्यावं म्हणून महिन्यापूर्वी ती आली, तर खिडकीवरच्या कारकुनानं सूची बघून सांगितलं, "आजी, हे घर तुमच्या यजमानांनी एकोणीस वर्षांपूर्वीच विकलंय."

"मूळ कागद असेल ना तुमच्याकडे?" ताईनं विचारलं.

"सगळ्या पेट्या उपसल्या. नाही सापडत. तोही त्यांनीच कुणाला देऊन टाकला असेल." म्हातारीनं पदरानं कपाळ पुसलं. "घरातून काढलं तर कुठं जायचं ते मला माहीत नाही. पण त्याहून एक सांगा मला, घेतलं त्याच वर्षी का विकलं असेल हो? मला एका शब्दानं न सांगता? महिना झाला, त्यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय मी."

ताईनं कारकुनाच्या चिठ्ठीवरचा दस्ताचा नंबर लिहून घेतला, नेहमीसारखं मनात देवाचं नाव घेतलं आणि फळीवरून खंड उतरवला. पान सापडलं. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. लिहून घेणार, म्हातारीचा नवरा. त्यानं घर विकलं नव्हतं, घेतलं होतं.

मग तिनं जुन्या वह्या काढल्या. देणाऱ्यांच्या वहीत घेणारा होता आणि घेणाऱ्यांच्या वहीत देणारा. अक्षर तिचंच. तारीख बघितली आणि मनात हिशेब केला. वडील जाऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. रजा मिळाली नव्हती, जोडीची कारकून आजारी, दोन्ही वह्या तिनं एकटीनं भरल्या होत्या. डोळे पुसत लिहिल्याचं आठवत होतं. काय लिहिलं, ते आठवत नव्हतं.

"बसा आजी. आलेच मी."

साहेब वयानं तिच्या मुलाएवढा, स्वभावानं गरीब. त्यानं दोन्ही वह्या बघितल्या आणि कपाळाला हात लावला. सूचीत खाडाखोड चालत नाही. चूक कुणाची ते दुरुस्तीच्या कागदावर लाल शाईनं लिहून खाली सही करायची, आणि तो कागद जिल्ह्याच्या मोठ्या कचेरीत जातो. मग चौकशी. ती संपेपर्यंत निवृत्तीचे कागद जागचे हलत नाहीत.

"ताई, जाता जाता कशाला अंगावर ओढून घेता? संगणकात उतरवताना चूक झाली, असं लिहू या. ती उतरवणारी माणसं केव्हाच काम सोडून गेलीत."

"चूक वहीतच आहे, साहेब. अक्षर माझं आहे."

"अक्षर कोण बघायला येतंय?"

"मी बघितलं ना आत्ता."

"वर्षभर लोंबकळत राहाल, सांगून ठेवतो."

"राहीन," ती म्हणाली. तिला फार दमल्यासारखं वाटत होतं. तिनं लाल पेन मागून घेतलं, कारणाच्या रकान्यात 'सूची लिहिताना माझ्याकडून चूक' असं लिहिलं आणि सही केली.

खाली येऊन तिनं म्हातारीला सगळं सांगितलं, काही न लपवता.

"म्हणजे त्यांनी विकलं नव्हतं."

"नाही. विकल्याचं मी लिहिलं."

"तुम्ही."

"हो."

म्हातारीचा आवाज चढला. "महिनाभर त्या माणसाला मी काय काय बोलले, ठाऊक आहे? मेलेल्या माणसाला! आता त्यांची माफी मागायचा अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतो, तेवढं सांगा."

"मला माफ करा," ताई हळूच म्हणाली.

"तुमचं नंतर बघू. आधी ते पान दाखवा."

ताईनं खंड तिच्यापुढं उघडला. दस्ताखाली नवऱ्याच्या अंगठ्याचा ठसा होता, त्यात मधोमध एक आडवी पांढरी रेघ. पानांना बाहेरच्यांनी हात लावायचा नसतो. म्हातारीनं त्या रेघेवर बोट ठेवलं आणि ताईनं खंड तिच्याकडे आणखी सरकवला.

"ट्रकचा जॅक निसटला होता अंगठ्यावर," म्हातारी म्हणाली. "सहा टाके पडले. टाके घालताना डॉक्टरवरच खेकसत होते." मग नाक पुसून म्हणाली, "याची नक्कल द्या मला. आणि शिक्का ठळक मारा, नाहीतर पुन्हा म्हणाल दिसत नाही."

ताईनं नक्कल तयार केली. लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण, दोन्ही नावांवर बोट ठेवून वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मगच शिक्का उचलला.