उत्तर क्रमांक तीन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — ज्या वहीत मी दुधापासून विम्यापर्यंत सगळं लिहिते, त्या वहीतही नाही.

जळगावातल्या एका वाचनालयाची व्यवस्था मी बघते. दोन वर्षांपूर्वी, तरुण वाचक यावेत म्हणून आम्ही ऑल्टरनेट रिअ‍ॅलिटी गेम केला. गावभर पसरलेला खेळ — भिंतीवरचा कागद, पुस्तकातली चिठ्ठी, एक फोन नंबर, आणि सगळ्यामागे दडलेली एकच गोष्ट. ती खेळणाऱ्यांनी शोधायची. नियम एकच : हा खेळ आहे, असं कुणी म्हणायचं नाही. आमचे शिपाई नाना म्हणालेही, "मॅडम, खोटं बोलायचीसुद्धा यादी करता तुम्ही." केली होतीच. फोनवर द्यायची सात उत्तरं, वहीत क्रमांक घालून.

गोष्ट हवी होती हरवलेल्या बाईची. मला सुचेना. मग मी काय केलं? जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यातून एक 'हरवली आहे' निवेदन उचललं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं. आडनाव बदललं, बाकी तसंच ठेवलं — नाव, हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, धुळ्याहून बसलेली आणि जळगावला न उतरलेली. आता तिचं कोण राहिलं असेल, असं वाटलं. वाटलं — की विचारच केला नाही?

खेळ फोफावला. धुळ्याहून मुलं येऊ लागली. उद्या शाळेत इतिहाससुद्धा असाच शिकवता येईल, असं शिक्षक म्हणू लागले. मला पटत होतं. अजूनही पटतं — माणसाला इतकं शोधायला लावणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

पाचव्या दिवशी फोन आला. म्हातारा आवाज, धरणगावच्या एका अक्कांचा. बसस्टँडवरचा कागद अक्कांना भाच्याने वाचून दाखवला होता.

"माय, ती मन्ही बहीण शे. जित्ती शे ना ती?"

कागदावरच्या त्या बाईला बहीण असू शकते — हे मला त्या क्षणी कळलं, त्याआधी नाही. हा खेळ आहे, एवढंच म्हणायचं होतं. वही समोर उघडी होती. आणि मी — मी वाचलं. उत्तर क्रमांक तीन. "ती सुखरूप आहे. शोधणं थांबवू नका."

अक्का रडल्या नाहीत. घरातल्या कुणाला तरी हाक मारून म्हणाल्या, "जित्ती शे!"

खेळ संपला. कागद उतरवले, चिठ्ठ्या गोळा केल्या, यादीतल्या प्रत्येक ओळीवर खूण केली. नंबर तेवढा बंद केला नाही. बंद केला असता तर त्यांना काय वाटलं असतं? — असं मी स्वतःला सांगते. खरं एवढंच, की खरं बोलायची माझी छाती झाली नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकीबाळी माहेरी येतात. गेल्या वर्षी त्याआधी अक्कांचा फोन आला. यंदाही आला. "आखाजीले ती घर येई का?"

मी तेच उत्तर दिलं. आता त्यासाठी वही उघडावी लागत नाही.