देवघरातली काळी थैली

मंडळी, दुपारी घडलं ते सांगते.

इथं हसनाबादला शेजारच्या काकूंच्या देवघरात आज चार शिंगांची काळी थैली दिसली. सुनेला मूल व्हावं म्हणून अंबडच्या बाजारातून आणलेली. मी प्राणिशास्त्र शिकवते, बघताच ओळखलं. स्केट नावाच्या चपट्या समुद्री माशाच्या अंड्याचं कवच. आणि या घरात कोंबडीचं अंडंसुद्धा चालत नाही.

माशाची नेमकी जात शिंगांच्या लांबीवरून कळते. पण वाळलेलं कवच आकसतं, म्हणून ते वाटीभर पाण्यात भिजत घातलं आणि घरी पट्टी आणायला गेले.

परत आले तर वाटीत पाणी नाही. घरभर सडक्या मासळीचा वास, आणि सून मोरीत ओकतेय.

"काकू, पाणी कुठंय?"

"तिला पाजलं की. तूच भिजू घातल्तं, मला वाटलं तुला विधी माहीत हाय."

"अहो, माशाचं अंडं आहे ते."

"अंडं हाय? मंग तर बराबर. बघ, उलट्या लागल्या बी."

थैली परत देवघरात गेली. त्या वासापेक्षा मला किळस वेगळ्याच गोष्टीची येतेय. पाजण्याआधी त्या पोरीला कुणी विचारलंच नाही. तुमच्या घरात विचारतात?