दहावी रेघ

भीती म्हणजे काय, हे मला अमरावतीच्या शेतकी प्रदर्शनाच्या मैदानावर कळलं. तोवर मी स्वतःला फार धीट समजत होतो. वय चोवीस, भातकुलीकडच्या आमच्या गावात ट्रॅक्टर चालवता येणारा मी एकटा, आणि त्याची घमेंडही बऱ्यापैकी होती. खोटं कशाला सांगू?

साठ सालानंतरची ही गोष्ट. माझा बाप आमच्या मालकांकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेला गडी. तीस वर्षं तो मालकांच्या बैलांमागे चालला. मी शाळा सोडून अमरावतीच्या एका गॅरेजात चार वर्षं हात काळे केले. पुढे मालकांनी एक जुना तांबडा ट्रॅक्टर आणला आणि त्यांना चालवणारा मिळेना, तेव्हा मला बोलावणं आलं. त्या लोखंडी सीटवर बसलो की माझं डोकं मालकांच्या टोपीच्या वर जायचं. ते गावातल्या काही जणांच्या डोळ्यांत सलायचं, पण नांगरटीच्या दिवसांत प्रत्येकाला ट्रॅक्टर हवा असायचा, म्हणून तोंडावर कोणी बोलत नव्हतं.

त्याच वर्षी मालकांचा पुतण्या अकोल्याहून ट्रॅक्टर शिकून आला. शिकून म्हणजे काय, गिअर टाकताना असा आवाज काढायचा की माझे दात आंबायचे. पण तो घरचा होता. प्रदर्शनात ट्रॅक्टरच्या ओढीची स्पर्धा ठेवलीय असं कळल्यावर मालकांनी आमचं नाव दिलं आणि मला ओट्याखाली उभं करून सांगितलं, "पाह्य बापू, पयला नंबर आला त सीट तुही. नाई आला त आमचं पोट्टं बसन. तू मंग बापासंगं वखरावर येजो."

मी "हो मालक" म्हटलं आणि घरी आलो. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. बैलांमागे वखर धरायची मला लाज नव्हती, बापाचं आयुष्य त्यावर गेलं होतं. पण एकदा वर बसलेल्या माणसाला सगळ्या गावासमोर खाली उतरवतात, तेव्हा ते उतरणं फार लांबचं असतं. बापाला मी काहीच सांगितलं नाही. त्याला कळलं होतंच.

ही ओढ म्हणजे काय ते सांगतो, कारण आता लोकांना खरं वाटत नाही. सागाच्या जाड फळ्यांची एक घसरगाडी, खाली लोखंडी पत्रा, चाक नावाला नाही. तिच्यावर मातीची पोती. ट्रॅक्टरने साखळीने ती ओढायची. मैदानावर दर वीस फुटांवर चुन्याची एक रेघ, अशा दहा रेघा. प्रत्येक रेघेवर डाव्या-उजव्या अंगाला एकेक माणूस उभा. घसरगाडी त्या रेघेवर आली की दोघांनी चालत्या गाडीवर चढायचं. म्हणजे ट्रॅक्टर जसजसा पुढे जाणार, तसतसं ओझं वाढत जाणार, आणि कुठेतरी तो अडणार. जो सगळ्यात दूर अडेल, तो पहिला.

चढणारी माणसं ट्रॅक्टरवाल्यांनीच आणायची होती, प्रत्येकी दोन. मालकांनी माझ्या बापाला आणि दुसऱ्या एका गड्याला घेतलं. पंचांनी सगळ्यांना कापसाच्या काट्यावर तोललं. जड माणसं आधीच्या रेघांवर, हलकी शेवटी, असं ठरलं. माझा बाप चिपाडासारखा. त्याला दहाव्या रेघेवर उभं केलं.

नियम तर एक नव्हे, छप्पन. लोखंडी दातांच्या चाकांचे ट्रॅक्टर वेगळ्या गटात, रबरी टायरचे वेगळ्या. टायरवाल्यांतही अठरा क्विंटलपर्यंतचा लहान गट आणि त्यावरचा मोठा. वजन ड्रायव्हरसकट धरायचं. पुढचं चाक जमिनीपासून वीतभर उचललं की लाल निशाण. ड्रायव्हरने सीट सोडली की बाद. रेघेवरचा माणूस गाडीची शेपटी रेघ ओलांडायच्या आत चढला नाही, तर ओढ मागच्या रेघेपर्यंतच धरायची. हा शेवटचा नियम पंचांनी दोनदा वाचून दाखवला. मी तो नीट ऐकलाही नाही. माझं सगळं लक्ष अठरा क्विंटलात होतं.

कारण आम्ही काठावर होतो. मागच्या टायरांत पाणी भरलेलं, ते पकडीसाठी लागतं. पुढे लोखंडी वजनं लावलेली, ती नाक खाली राहावं म्हणून. बार्शीटाकळीकडच्या एका ड्रायव्हरचा ट्रॅक्टर ओढताना पुढून उभा राहिला आणि त्याच्यावरच उलटला, ही गोष्ट मी गॅरेजात असताना ऐकली होती. ती माझ्या डोक्यातून जात नव्हती. मालकांना वाटलं, पुढचं लोखंड काढून टाकू, गट सांभाळता येईल. मी म्हटलं, "मालक, मी मेलो तरी ते काढनार नाई." ते म्हणाले, "मरू नको बावा, पन गट चुकवू नको."

सकाळी येताना नाल्यातून ट्रॅक्टर काढला होता. आपली काळी माती, तिच्यासारखी चिकट सासू नाही. चारही चाकांना तिचे थर बसले. मैदानाजवळच्या जिनिंगच्या काट्यावर ट्रॅक्टर चढवला तर सोळा किलो जास्त. मी आणि बाप खाली बसलो आणि खुरप्याने चाकं खरवडायला लागलो. बाप एकेक फट अशी साफ करत होता, जसा पोळ्याला बैलाचा खूर. दुसऱ्यांदा चढवला तरी तीन किलो जास्तच. मी अंगातला सदरा काढला, बूट काढले, खिशातला पाना काढून ठेवला. सकाळपासून उपाशी होतोच. काटा बरोबर अठरावर आला. पंच हसले आणि त्यांनी चिठ्ठी फाडून दिली. मला काही हसू आलं नाही.

त्यात मालकांचं नवीन सुरू झालं. साखळी अडकवायचा लोखंडी आकडा जमिनीपासून वीस इंचांच्या आत असावा, असा नियम होता, आणि मी तो सोळावर लावला होता. मालक जन्मभर बैलांचे. त्यांना ते पटेना. "बैलाचं जू मानेवर रायते, शेपटीखाली नाई. साखळी एवढी खाली कायले? वर घे." मी म्हटलं, "मालक, बैलाले मान हाये. याले नाई. साखळी वर गेली का हा पुढून उठते." पुतण्या बाजूला उभा राहून म्हणाला, "भेते तो." मी म्हटलं, "हो, भेतो. तू बस अन् वर लाव." तो मागे सरकला. मालक माझ्याकडे बघत राहिले. असं उलट बोललेलं त्यांनी माझ्या घराण्यात कोणाचं ऐकलं नव्हतं. पण आकडा सोळावरच राहिला.

आमच्या आधी आठ ट्रॅक्टर झाले. एक चौथ्या रेघेवर अडला. एकाचं पुढचं चाक उठलं आणि लाल निशाण पडलं. अचलपूरकडचा एक निळा ट्रॅक्टर मात्र सरळ गेला. सात, आठ, नऊ. नवव्या रेघेच्या पुढे तीन हात जाऊन त्याची चाकं जागेवर फिरायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दहाव्या रेघेपर्यंत कोणीच आलं नव्हतं. माझा बाप पहिल्या ओढीपासून तिथे उन्हात उभा होता, त्याच्यासमोर पलीकडच्या अंगाला दुसऱ्या गावचा एक म्हातारा. दोघांना काही कामच पडलं नव्हतं.

माझी पाळी आली. मालकांनी ट्रॅक्टरला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. साखळी ताणली. मी क्लच हळूहळू सोडला, कारण झटका दिला की नाक उठतं, हे मला पाठ होतं. गाडी हलली. पहिली रेघ, दुसरी. मागे माणसं चढल्याचा धप्प धप्प आवाज येत होता, आणि प्रत्येक धप्प माझ्या पाठीवर पडल्यासारखा वाटायचा. मी पुढच्या चाकांवरून नजर हलवली नाही. सहाव्या रेघेला चाक चार बोटं उठलं. मी थोडा गॅस कमी केला, ते बसलं. सातवी. आठवी. इंजिनाचा आवाज जड झाला, घशात घास अडकलेल्या माणसासारखा. नववी. मनात एकच, तीन हात, फक्त तीन हात. तीन हात झाले. चार झाले. चाकं माती उकरत होती तरी सरकत होती.

आता समोर बाप दिसला. मी जवळ येतोय हे बघून तो सरळ उभा राहिला. मग खाली वाकला आणि पायातली वहाण काढायला लागला. मला वाटलं, खडा गेला असेल. ट्रॅक्टर त्याच्या शेजारून पुढे गेला. मी पुन्हा चाकांकडे बघितलं. मागे रेघ ओलांडली गेली, इंजिन घुसमटलं, बंद पडलं. लोकांचा एकच गलका झाला. मला वाटलं, जिंकलो. खरं सांगतो, मला रडू फुटायला आलं होतं.

मागे वळून बघितलं तर पंचांनी लाल निशाण धरलेलं. घसरगाडी रेघेच्या पुढे निघून गेली होती. पलीकडचा म्हातारा तिच्यावर चढलेला. आणि माझा बाप, दोन्ही वहाणा हातात घेऊन, अनवाणी, मागून धावत येऊन फळीवर एक गुडघा टेकत होता.

"एक माणूस रेघेवर चढला नाही," पंच म्हणाले. "ओढ नवव्या रेघेपर्यंत धरली जाईल."

नवव्या रेघेपर्यंत म्हणजे निळ्या ट्रॅक्टरपेक्षा तीन हात कमी. म्हणजे दुसरा नंबर.

मालक तरातरा आले. "वहाना कायले काढत बसला बे?"

बाप खाली बघत म्हणाला, "मालकाचा ट्रॅक्टर जुपलेला व्हता. हार घातला व्हता. वहाना घालून कसा चढू?"

मालकांनी तोंड फिरवलं. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आमच्या माणसांनी त्यांच्या गाडीला, ओट्याला, बैलालासुद्धा वहाणा घालून शिवायचं नाही, हा त्यांच्याच घरचा नियम होता, आणि त्यांनी तो कधी मोडा म्हणून सांगितलं नव्हतं. छप्पन साली आमच्या घराने दीक्षा घेतली, घरातले देव निघाले, मी बूट घालून ट्रॅक्टरवर बसायला लागलो, पण बापाच्या पायातली ती सवय कोणी काढली नव्हती. मीही नाही.

मी सीटवरून उडी मारली आणि ओरडलो. मालकांवर ओरडायची माझ्यात हिंमत नव्हती, म्हणून बापावर ओरडलो. एवढ्या माणसांत. "अक्कल कुठी गहान ठेवली, बा? दीक्षा घेतली अन् अजून वहानाच काढून राह्यला? माही सीट गेली तुह्यापाई." बापाने वहाणांची धूळ झटकली आणि त्या काखेत धरल्या. त्या वेळचं त्याचं तोंड मला आजही दिसतं, आणि आजही माझी मान खाली जाते.

परत जाताना पुतण्या सीटवर बसला. मालक म्हणाले, "मांगं ट्रॉलीत बसा दोघंबी." मी बसलो नाही. बापही बसला नाही. ट्रॅक्टर गेला आणि आम्ही चार कोस चालत निघालो. पुढच्याच महिन्यात मी अकोल्याला एका गॅरेजात कामाला गेलो. वखर काही माझ्या नशिबी आला नाही, सीटही आली नाही. पण ते नंतरचं.

त्या दिवशी मी रागात पुढे चालत होतो. बाप मागे, त्याच्या सवयीप्रमाणे. निम्मी वाट सरली. मग मागून त्याचा आवाज आला, अगदी साधा, जसा तो पाऊसपाण्याचं बोलायचा.

"सकायपासून उभा व्हतो म्या. आठ गाड्या आल्या. माह्यापर्यंत एकबी आली नाई. तू आला."

मी थांबलो. वळून बघितलं तर तो अजून अनवाणीच चालत होता. वाटेत बाभळीचे काटे, आणि वहाणा हातात. कोणाची गाडी नव्हती, कोणाचा ओटा नव्हता.

"घाल पायात, बा," मी म्हटलं. माफी मागायची होती, ती तोंडातून आली नाही, पुढे कधीही आली नाही.

तो वहाण घालायला एका पायावर वाकला. मी त्याचा दंड धरून उभा राहिलो, दुसरी वहाण घालून होईपर्यंत. मग आम्ही बरोबरीने चालायला लागलो.