डोळ्यातला कापूस

बाबांचं ऑपरेशन झाल्यापासून मी एका जागी स्वस्थ बसले असेन तर शपथ. मी वळ गावच्या एका गोडाऊनमध्ये कामाला होते. हातातलं काम टाकून मध्येच उठायचे, गेटबाहेर जाऊन घरी फोन लावायचे आणि थेंब घातले का ते विचारायचे. आई म्हणायची, घातले गं बाई, किती वेळा विचारशील. मला राग यायचा. कुणाचा यायचा, ते मात्र कळायचं नाही.

सगळं त्या एका डोळ्यावर होतं ना. मी शाळेत असताना, दसऱ्याच्या आधी, बाबा नारपोलीतल्या आमच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्याला चुना मारत होते. शिडीवरची बादली त्यांच्या तोंडावर उपडी झाली. उजवा डोळा तेव्हाच संपला. डाव्याचं बुबुळ भाजून पांढरं झालं. दान मिळालेलं बुबुळ दोनदा बसवलं आणि दोन्ही वेळा ते गढूळ झालं. मग मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी शेवटचा मार्ग सांगितला, कृत्रिम बुबुळ. शर्टाच्या गुंडीहून लहान असा पारदर्शक तुकडा, त्यातून पाहायचं. त्याच्यावर रात्रंदिवस एक मऊ लेन्स, आणि जन्मभर थेंब. "हा डोळा बरा झाला असं कधीच समजू नका," बाई म्हणाल्या होत्या. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

पट्टी काढली तेव्हा बाबांनी आधी बाईंच्या कोटाची बाही चिमटीत धरली आणि कापड बरं हाय म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांच्या लेखी मी अजून दोन वेण्यांचीच होते. म्हणाले, मला वाटलेलं तू माझ्यासारखी निघशील, तू तर आईवर गेलीस. मी तिथेच बाईंसमोर रडले.

घरी आलो आणि माझी कटकट सुरू झाली. उशीचा अभ्रा रोज बदला, डोक्यावरून पाणी घेऊ नका, कारखान्यात पाऊल टाकायचं नाही. आता कारखाना म्हणजे घराची मागची भिंत. मधलं दार उघडलं की कापसाची पिसं घरात. बाबा माझ्यासमोर हो म्हणायचे आणि मी रिक्षात बसले की मागे जाऊन लूम बघत उभे राहायचे. इतक्या वर्षांनी माणसाला धागा दिसायला लागला, तो काय खुर्चीत बसणार?

आमच्या आळीत डोळ्यात कापूस गेला की कारागीर आईकडे यायचे. खिडकीशी उभे राहून डोळा चोळत म्हणायचे, चाची, जरा देखो. आई कोऱ्या सुताचं टोक पिळून त्याची बारीक वात करायची, जिभेवर ओली करायची, पापणी उलटायची आणि एका फटक्यात कापूस बाहेर. समोरचा हूं की चूं करायचा नाही. डॉक्टरकडे जायची आळीत पद्धतच नव्हती, आई होती ना. बाबांनीही तरुणपणापासून डोळा तिच्याच पुढे धरलेला.

एका दुपारी मी वळहून लवकर आले. लाईट गेली होती, सगळे लूम बंद, आळी चिडीचूप. बाबा डोळा मिटून बसले होते, चेहरा निवांत. सकाळपासून खुपत होतं, आता आईनं काढला, म्हणाले. मी विचारलं, काय काढला? आईनं फडक्यावर ठेवलेली वस्तू पुढे केली. सुकून वळलेली, माशाच्या खवल्यासारखी.

"बघ केवढा निघाला," आई म्हणाली. "कारखान्यात जातात, मी सांगते ना तुला."

ती लेन्स होती.

मी जी ओरडले, ती शेजारच्या बायका दारात येईपर्यंत. काय काय बोलले ते लिहवत नाही. आई नुसती फडक्याकडे बघत राहिली. लेन्स असते हे तिला ठाऊक होतं, पण खिडकीच्या उजेडात पापणी उलटल्यावर सुरकुतलेलं पांढुरकं काही दिसलं आणि हात आपसूक चालला. तिच्या बोटांना एवढंच माहीत होतं.

मुंबईला नेलं. बाईंनी नवी लेन्स बसवली, थेंब वाढवले आणि म्हणाल्या, जंतू शिरले नसले तर नशीब. पुढचे दिवस मी कसे काढले माझं मला ठाऊक. सकाळी उठल्या उठल्या बाबांसमोर बोटं धरायचे. एकदा ते म्हणाले, धूर दिसतो, आणि मी रिक्षा बोलवायला धावले. चुलीचाच होता.

डोळा वाचला. पण आई बाबांच्या जवळ जाईना. हात पदराखाली. खिडकीशी कारागीर आला तर दवाखान्यात जा म्हणून परत पाठवायची. थेंब घालायचं काम माझ्यावर आलं आणि माझा हात असा की अर्धे गालावर.

पुढच्या तपासणीत बाईंनी सांगितलं, बुबुळ छान आहे, पण डोळ्यातला दाब चढतोय. अशा डोळ्यांत तो चढतो. नजर कडेनं मिटत आत आत येत जाईल, गेलेली परत यायची नाही, थेंबांनी जितकी धरता येईल तितकी धरू.

संध्याकाळी मी बाटली हलवून बाबांच्या पुढे उभी राहिले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ती घालंल. तिचा हात हलका हाय."

आई चुलीपासूनच म्हणाली, "माझ्या हातानं तुमचा डोळा जायचा."

"जायचाच हाय तो," बाबा म्हणाले. "गेला तर तुझ्या हातानं जाऊ दे."

मला बोलायचं होतं, भांडायचं होतं. आई उठली. मोरीत जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, परत धुतले. मग बाबांची हनुवटी वर केली. बाबा मान मागे टाकून तिच्याकडे बघत राहिले, थेंब पडेपर्यंत. एकही गालावर आला नाही.